इशारा कोणाच्या नावे?

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी व्यापारविषयक चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा संगणकाच्या जाळ्याविषयी आम्ही लेखणी चालवावी, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु आज वखारीतील काट्यापासून बँकेतील खात्यापर्यंत आपला सारा व्यवहार तारेवरून वाहतो आहे. त्या तारेची प्रकृती पाहणे हे आता केवळ तंत्रज्ञाचे काम राहिले नसून पेढीच्या मालकाचे कर्तव्य झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्हांस पुस्तकातून मिळालेले नाही. ते आमच्याच चुकीतून मिळाले आहे.

आमच्या पेढीपासून वखार ऐंशी मीटरवर आहे. काट्यावरील वजन तारेने पेढीत येते, तेथे शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार होते आणि रक्कम बँकेमार्फत त्याच्या खाती जाते. दोन वर्षांपूर्वी आमच्या नातवाने एका जुन्या संगणकावर झॅबिक्स नावाची प्रणाली बसविली. ती विनामूल्य मिळते. दर मिनिटास ती प्रत्येक यंत्राला हाक मारते, उत्तरास किती वेळ लागला आणि किती हाका वाटेत हरवल्या, हे मोजते. हाक मारण्याची ही युक्ती, जिला 'पिंग' म्हणतात, माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली रचली. यंत्रांच्या पोटातील आकडे विचारून घेण्याची 'एस.एन.एम.पी.' ही पद्धत १९८८ पासून चालत आली आहे. म्हणजे ही विद्या नवी नव्हे. आपल्या दारी मात्र ती उशिरा पोचली.

नातवाने एकच दिवस मोजून मर्यादा ठरविली. बाहेरच्या लाईनीवरील हाकेचे उत्तर येण्यास वीस सहस्रांश सेकंदांहून अधिक वेळ लागला की आमच्या फोनवर इशारा यावा. परंतु रात्री कॅमेऱ्यांची चित्रे त्याच लाईनीवरून बाहेर जात. त्यामुळे हा वेळ तीसपर्यंत वाढे. त्यात बिघाड काहीच नव्हता. तरीही तीन रात्रींत शंभराहून अधिक इशारे आले. चौथ्या दिवशी आम्ही वैतागून त्यांचा आवाज बंद केला आणि शांतपणे झोपलो.

पुढे ऐन हंगामात, मक्याची आवक जोरात असता, काट्यावरील वजने पेढीत येईनाशी झाली. पूर्ण बंद पडली असती तर बरे. ती अडखळत येऊ लागली. पेटीवरील हिरवा दिवा जळतच होता, म्हणून आम्ही लाईन पुरविणाऱ्या कंपनीस दोष देत बसलो. वास्तविक वखारीतील तार पोत्यांच्या थप्पीखाली चेपली होती. शंभर पाकिटांतील आठ-दहा वाटेत बिघडत होती. अशा वेळी यंत्र हरवलेले पाकीट पुन्हा धाडते आणि आपला वेगही आखडता घेते. म्हणून थोड्याशा गळतीने सारे काम मंदावते. सकाळी सुरू झालेला हा घोळ दुपारी चार वाजता उलगडला. एका वृद्ध शेतकऱ्याची शेवटची बस चुकली. त्यांना आम्ही पेढीतच मुक्कामास ठेवून घेतले. जेवताना त्यांनी विचारले, "शेठ, एवढी यंत्रे ठेवलीत, त्यांतल्या एकानेही सांगितले नाही का?"

यंत्राने सांगितले होते. सकाळी दहा चाळीसचा इशारा फोनमध्ये तसाच पडून होता. तो आम्हीच मुका केला होता.

त्या रात्री आम्हांस एक गोष्ट उमगली. मर्यादा ठरविणे हे आपल्या हाडीमाशी खिळलेले काम आहे, मग येथेच आपण हयगय का केली? सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, १२ ते १४ पर्यंत भावात कपात होते, १४ च्या वर माल परत जातो. दोन रेषा, आणि प्रत्येक रेषेपुढे काय करावयाचे ते ठरलेले. जाळ्याचेही तसेच असावयास हवे.

म्हणून आम्ही नव्याने मांडणी केली. आधी चौदा दिवस एकही इशारा न लावता केवळ मोजले. त्यांत बाजाराचे दिवस आले, सुट्ट्या आल्या, रात्री आल्या. रोजची चाल कळली, मगच मर्यादा आखल्या. वखारीच्या तारेवर गळती सलग पाच मिनिटे २ टक्क्यांहून अधिक राहिली तर सूचना, ५ टक्क्यांहून अधिक राहिली तर तातडीचा इशारा. आणि गळती १ टक्क्याखाली येऊन दहा मिनिटे टिकल्याखेरीज इशारा मागे घ्यावयाचा नाही. अन्यथा रेषेच्या काठावर तो दर घटकेस वाजतो नि थांबतो. एका क्षणाच्या उसळीस आम्ही आता भीत नाही. टिकून राहिलेल्या बिघाडास भितो.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. हा इशारा कोणाच्या नावे? आपल्या पूर्वजांनी हुंडीवर व्यापार केला. हुंडी ज्याच्यावर काढली त्याचे नाव तीवर नसेल, तर तो नुसता कागद होय. इशाऱ्याचेही तसेच. सर्वांस पाठविलेला इशारा कोणीच वटवीत नाही. आमच्याकडे सूचना ही मुदती हुंडी : दिवाणजींनी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाहावयाची. तातडीचा इशारा ही दर्शनी हुंडी : दाखविताच नातवाने उठावयाचे, दहा मिनिटांत त्याचे उत्तर न आले तर फोन आमच्याकडे. ज्या इशाऱ्यावर कोणी काही करावयाचे नाही, तो आम्ही काढूनच टाकला आहे.

आणखी दोन पथ्ये सांगतो. बाहेरची लाईन तुटली तर त्याच लाईनीने इशारा येणार कसा? म्हणून तो स्वतंत्र मोबाईल सिमवरून येतो. आणि राखणदार स्वतःच झोपला तर? म्हणून ते यंत्र रोज सकाळी नऊ वाजता आपण जागे असल्याचा निरोप धाडते. निरोप न आला, तर तोच इशारा समजावयाचा. महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही मुद्दाम एक तार उपसतो आणि फोन वाजतो की नाही ते पाहतो.

काही बंधू म्हणतील, एवढा खटाटोप मोठ्या कारखान्यांना शोभतो. आम्ही विनयपूर्वक म्हणतो की लहान पेढीलाच त्याची अधिक गरज आहे, कारण तिच्याकडे दुसरी तार नसते. संघाने हंगामापूर्वी एखाद्या रविवारी घरातील तरुण मंडळींस एकत्र बसवून हे काम शिकवावे, अशी आमची सूचना आहे. खर्च एका जुन्या संगणकाचा आणि एका सिमचा.

ते वृद्ध गृहस्थ यंदाही मका घेऊन आले होते. पट्टी वेळेवर झाली व दुपारच्या बसने ते गेले. आमच्या दृष्टीने हाच या साऱ्या खटाटोपाचा नफा होय.