बावनथडीच्या अलीकडची हिंदी

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसावे आणि सिहोरा येईपर्यंत नुसते ऐकत राहावे. पुढच्या बाकावर धानाच्या भावाची गोष्ट पोवारीत चाललेली असते. कंडक्टर मराठीत तिकीट विचारतो, बालाघाटकडे निघालेली बाई त्याला हिंदीत उत्तर देते आणि मागची शाळकरी पोरे सगळ्याच बोलींतून एकमेकांना चिडवत असतात. पुढे बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेश. १९५६ पर्यंत ही राज्याची हद्दसुद्धा नव्हती. भंडारा जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या कारभारात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा होत्या. 

सिहोऱ्यासारख्या सीमेवरच्या गावातल्या सहावी-सातवीच्या मुलांना हिंदी वेगळी कशाला शिकवायची, असे पालक विचारतात आणि पुष्कळ शिक्षकही मनातून तेच मानतात. ‘पोरांना हिंदी येतेच.’ हिंदीच्या अध्यापनावरचा हा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो आक्षेप आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. हिंदीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा असेल तर याच वाक्याच्या आधारे दिला जातो. धडा मराठीत समजावून, प्रश्नोत्तरे गाइडमधून उतरवून तास संपतो, तोही याच वाक्याच्या आधारे.

येते म्हणजे काय येते, हे आधी पाहू. समजते, हे खरे. दुकानात, जत्रेत, पाहुण्यांशी वेळ निभते, हेही खरे. पण याच मुलाला काल दिवसभर काय केलेस ते दहा वाक्यांत हिंदीत लिहायला सांगा. ‘मैं रोटी खाई.’ ‘मेरे को घर जाना था.’ ‘बाहर से आवाज आया.’ ‘उसने स्कूल जाना चाहिए.’ अशी वाक्ये वर्गातल्या बहुतेक वह्यांत सापडतात आणि त्यांवर लाल रेघ ओढली जाते. पुढल्या आठवड्यात तीच वाक्ये पुन्हा येतात. मग निष्कर्ष निघतो की मुले निष्काळजी आहेत.

मुले निष्काळजी नाहीत. चूक जर प्रत्येक वहीत त्याच जागी होत असेल, तर तिच्यामागे नियम असतो. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच मांडले होते की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात तयार होत असलेल्या व्याकरणाचा पुरावा असतो. ‘मैं रोटी खाई’ हे वाक्य त्या नजरेने वाचावे. मराठीत आपण ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो. क्रियापद पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी होते आणि ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. मुलाने हिंदीतही रोटीप्रमाणे ‘खाई’ केले आहे, म्हणजे या वाक्यातली सर्वांत अवघड गोष्ट त्याने बरोबर केली आहे. क्रियापदाने कर्माचे लिंग घ्यायचे, ही गोष्ट बंगाली मुलाला मुळापासून शिकावी लागते, कारण त्याच्या भाषेत क्रियापदाला लिंगच नाही. आपल्या मुलाच्या ती जिभेवर आहे. त्याला फक्त एवढेच सांगायला हवे की मराठीत ‘त्याने पोळी खाल्ली’ म्हणताना जो ‘ने’ येतो, तो हिंदीत ‘मैं’ आणि ‘तू’ यांनाही लागतो. दहा मिनिटांची गोष्ट आहे. ती सांगणाऱ्या शिक्षकाला मात्र दोन्ही भाषांची रचना शेजारी शेजारी मांडता आली पाहिजे.

‘उसने जाना चाहिए’ हे त्याच ‘ने’चे दुसरे टोक. मराठीत ‘त्याने जायला हवे’ होते म्हणून मूल हिंदीतही ‘उसने’ लिहिते, तिथे ‘उसे’ हवे असते. एके ठिकाणी ‘ने’ कमी पडला, दुसऱ्या ठिकाणी जास्त झाला. दोन्ही चुका एका फळ्यावर, चार वाक्यांत समजावता येतात. नुसती लाल रेघ ओढून त्यातले काहीच समजत नाही.

लिंगाचे प्रकरण याहून मोठे आहे. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. मराठीतले नपुंसकलिंग हिंदीत जाताना फुटते आणि कुठला शब्द कुठे जाईल याचा अंदाज मुलाला मराठीवरून येत नाही. ते घर, ते पाणी, ते दही हे पुल्लिंगी होतात. ते पुस्तक, ते नाक हे स्त्रीलिंगी होतात. त्यातच मराठीत जे सरळ पुल्लिंगी, तेही बदलते. तो आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, तो चहा ‘चाय’ झाल्यावर स्त्रीलिंगी, आत्मा स्त्रीलिंगी, मृत्यूसुद्धा स्त्रीलिंगी. हे शब्द बाजारात ऐकून पक्के होत नाहीत, कारण आपल्याकडच्या बाजारातली हिंदी आपल्याच मराठीने घडवलेली आहे. तिथे ‘आवाज आया’च ऐकू येते. म्हणूनच शाळेतला हिंदीचा तास हा या मुलाला प्रमाण हिंदी भेटण्याचा एक मोठा आधार आहे आणि तोच आपण ‘येतेच’ म्हणून सोडून देतो.

दुसरा पूर्वपक्ष विद्वानांचा आहे. लिपी एकच, संस्कृत शब्दसंपत्ती सामाईक, तेव्हा मराठी मुलाला हिंदी ही फारशी परकी भाषा नाही, असे ते म्हणतात. यातले पहिले विधान मान्य केले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. दूरची भाषा शिकताना मूल सावध असते. इंग्रजीत प्रत्येक शब्द नवा, म्हणून ते थांबून पाहते. जवळच्या भाषेत ते थांबतच नाही आणि फसते. ‘शिक्षा’ वाचून त्याच्या डोळ्यांपुढे छडी येते, हिंदीत तिथे शिक्षण असते. ‘चेष्टा’ म्हणजे त्याला थट्टा वाटते, हिंदीत तो प्रयत्न असतो. ‘संसार’ हिंदीत जग होते, ‘अभ्यास’ सराव होतो, ‘आपत्ति’ हरकत होते, ‘हल्ला’ गोंगाट होतो आणि ‘राजीनामा’ समझोता होतो. वाक्याचा अर्थ उलटला तरी मुलाला पत्ता लागत नाही, कारण सगळे शब्द ओळखीचेच होते.

लिपीबद्दलही असेच. अक्षरे तीच, उच्चार वेगळे. ‘है’ आपली मुले ‘हइ’ वाचतात आणि ‘और’ ‘अउर’ वाचतात, कारण मराठीत ऐ आणि औ हे जोडस्वर आहेत, तर प्रमाण हिंदीत ते सलग, पसरट स्वर होतात. ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदीत ‘ग्यान’. मराठीत शक्ती, कवी, गुरू असे शेवटी दीर्घ लिहायचे, हिंदीत शक्ति, कवि, गुरु असे ऱ्हस्व. हे सातवीत नीट शिकवले तर मराठीचाही फायदा होतो. मराठीत ‘शक्ती’ दीर्घ पण ‘शक्तिमान’ ऱ्हस्व, ‘गुरू’ दीर्घ पण ‘गुरुदेव’ ऱ्हस्व, हा शुद्धलेखनाचा नियम मुलांना जड जातो. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त आहे, हिंदीने तो तसाच ठेवला, मराठीने एकटा असताना दीर्घ केला आणि समासात पुन्हा ऱ्हस्व ठेवला, हे एकदा शेजारी मांडून दाखवले की नियम पाठ करावा लागत नाही. मराठी आणि हिंदी या विषयांच्या शिक्षकांनी हा एक पाठ मिळून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आता सिहोऱ्याच्या मुलाची खास अडचण. त्याच्या तोंडी झाडीबोली असते, तीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. घरी तो ‘पानी’ म्हणतो. मराठीच्या तासाला तो चुकतो आणि पुढच्या हिंदीच्या तासाला त्याच शब्दासाठी बरोबर ठरतो. डोळ्यांचा रंग सांगताना प्रमाण मराठीत काळा, घरी कारा, हिंदीत काला. पोवारी घरातल्या मुलाची आणखी वेगळी गोष्ट. त्याच्या बोलीत ‘से’ म्हणजे ‘आहे’, आणि हिंदीत ‘से’ हे अपादानाचे, करणाचे चिन्ह. या मुलाला मराठी शाळेतली मराठीसुद्धा शिकावीच लागलेली असते. त्याच्या हिंदीचा पाया मराठी आहे असे धरून चालणारा पाठ त्याच्यापर्यंत अर्धाच पोहोचतो.

उपाय साधा आहे. फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने आखावेत, घर, मराठी, हिंदी. मुलाचे ‘पानी’, ‘कारा’ पहिल्या रकान्यात मानाने लिहावे. ‘पानी’ हिंदीशी जुळले, ‘कारा’ जुळले नाही, आणि ‘कारन’ म्हटले तर ते मराठीतही चालत नाही आणि हिंदीतही नाही, कारण ‘कारण’ या संस्कृत शब्दात दोघींनी ‘ण’ राखला आहे, हे मुले स्वतः शोधून काढतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला साहित्यात आणि अभ्यासात मान मिळवून दिला. तो मान पूर्व विदर्भातल्या हिंदीच्या तासापर्यंत यायला हवा.

यापुढचा वाद राज्यभर गाजलेला आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली. १७ जूनला त्यात बदल झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे ठरले. हिंदी शिकवण्याच्या बाजूने इतके बोलणारा मी या निर्णयाच्या विरुद्ध होतो आणि आहे. सहा वर्षांचे मूल बोलीतून प्रमाण मराठीत येत असते. २००० सालापासून त्याच्यासमोर पहिलीतच इंग्रजीही आहे. त्याच वेळी त्याच देवनागरीतून वेगळ्या उच्चारांची, वेगळ्या ऱ्हस्वदीर्घाची तिसरी भाषा त्याला वाचायला द्यायची, म्हणजे मराठीचे अक्षर पक्के होण्याआधीच हलवायचे. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला परस्परावलंबनाचा सिद्धान्त सांगतो की दुसऱ्या भाषेतली समज पहिल्या भाषेत कमावलेल्या समजेवर उभी राहते. वर मी जे जे सांगितले, ‘ने’, लिंग, फसवे शब्द, तीन रकाने, ते सगळे त्याच मुलाला कळते ज्याला आपल्या भाषेकडे बाहेरून पाहता येते. ते वय दहा-अकराच्या पुढचे. पाचवीत सुरुवात आणि सहावी ते आठवीत खरे अध्यापन, ही जुनी व्यवस्था मला म्हणूनच योग्य वाटते.

आणि जे म्हणतात की मग पाचवीतही नको, हिंदीने मराठी खाल्ली, त्यांची वेदना मी समजू शकतो. हिंदी पट्ट्यातली किती मुले मराठी शिकतात, हा त्यांचा सवालही न्याय्य आहे. तो सरकारांना विचारावा. सिहोऱ्याच्या मुलीला तिच्या हक्काची भाषा नाकारून त्याचे उत्तर मिळत नाही. मराठीला धोका आहे तो अर्धवट येणाऱ्या हिंदीचा. जिला दोन्ही भाषांची सीमा माहीत नाही, तिच्या मराठीतच ‘माझी मदत कर’ आणि ‘त्याने मला सांगितला’ शिरते. जिला ती सीमा माहीत आहे, ती दोन्हीकडे निर्धास्त जाते. माधवराव सप्रे मराठी घरातले, त्यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. गजानन माधव मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी. ते हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. गजानन माधव १९५८ पासून ज्या राजनांदगावात शिकवत होते, ते तुमसर रोड स्थानकावरून गोंदियाकडे जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर आहे. सिहोऱ्यातल्या मुलाला हे त्याच्या हिंदीच्या तासाला कुणीतरी सांगायला हवे.

‘सुलभभारती’ची हिंदीची पाठ्यपुस्तके वाईट नाहीत. त्यांत ऐकण्या-बोलण्यासाठी वेगळी जागा ठेवलेली आहे. पण वर्गात त्याला वजन मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच की आठवड्यातला एक तास पूर्ण हिंदीत व्हावा, शिक्षकाने मराठीचा आधार न घेता, आणि मुलांनी आपल्याच गावाबद्दल बोलावे. दुसऱ्या एका तासाला त्यांच्याच वह्यांतली वाक्ये फळ्यावर येऊन तीन रकान्यांत तपासली जावीत. त्याला नवा निधी लागत नाही. फक्त हिंदी हा विषय इतर विषयांच्या शिक्षकाकडे उरलेला म्हणून न देता, तो ज्याला येतो त्याच्याकडे द्यावा लागतो.

विषय धानाच्या रोवणीचा घ्या. ऑगस्टमध्ये ज्याने आईबरोबर पऱ्हे उपटले आहेत, चिखलात वाकून दिवस काढला आहे, त्याला उभे करा आणि हिंदीत सांगायला लावा. पऱ्ह्यांना ‘रोपा’ म्हणतात हे त्याने पलीकडच्या मामाकडे ऐकलेले असते. ‘बांधी’पाशी तो अडतो. ‘खेत’ म्हटले तर सगळे शेत होते आणि त्याला तर बांधांनी घेरलेला एक तुकडा म्हणायचा असतो. वर्ग पर्याय सुचवतो, शिक्षक ‘क्यारी’ हा शब्द देतो, मुलगा मान हलवतो. मग पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागतो आणि ‘मैं’ म्हणून क्षणभर थांबतो, ‘ने’ जोडतो, आणि पुढे जातो.