सुरक्षा-नोंदींची तपासणी एआय एजंटकडे. भिस्त मात्र साधनाच्या वर्णनावर

बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळी येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर १९ जुलै २०२४ रोजी इंडिगो, आकासा, स्पाइसजेट आदी कंपन्यांच्या प्रवाशांचे चेक-इन हाताने करावे लागले. त्या दिवशी जगभर उद्भवलेल्या संगणकीय बिघाडाचे मुख्य कारण क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेले सदोष अपडेट हे होते. विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे त्यामुळे बंद पडली. तो सायबर हल्ला नव्हता. तथापि अशा प्रसंगी पहिल्या तासात हा बिघाड आहे की घुसखोरी, हे सांगणे कठीण असते. त्याचा निर्वाळा नेटवर्कवरील उपकरणांनी ठेवलेल्या नोंदी, म्हणजेच लॉग, देतात. नोंद ठेवण्याची सोय त्या वेळी बंद असेल, तर ती मागाहून निर्माण करता येत नाही.

या नोंदी ठेवणे भारतात ऐच्छिक राहिलेले नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब अन्वये काढलेल्या निर्देशांनुसार सर्व माहिती-यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि सर्व घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवून ठेवणे बंधनकारक आहे. विमानतळासारख्या ठिकाणी हे काम सोपे नाही. तेथे विमानतळ चालवणारी कंपनी, विमान कंपन्या, सुरक्षा दल, सीमाशुल्क विभाग, सामान हाताळणारे ठेकेदार आणि दुकानदार एकाच छताखाली आपापली उपकरणे वापरतात. कोणत्या फायरवॉलच्या नोंदी कोणत्या सर्व्हरकडे जातात, हे एका माणसाच्या ध्यानात राहणे अशक्य होय.

ही तपासणी आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटकडे सोपवण्याकडे कल वाढत आहे. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत जाहीर केल्यानंतर एजंटला बाहेरच्या यंत्रणांशी जोडणे सुलभ झाले. प्रत्येक यंत्रणा आपली साधने एजंटपुढे मांडते. साधनाचे नाव, त्याला द्यावयाची माहिती आणि साध्या भाषेतील वर्णन एवढ्यावरून कोणते साधन वापरायचे, हे एजंट ठरवतो. अनुभवी अभियंता पुस्तिकेतील त्रुटी स्वतःच्या माहितीने भरून काढतो, उपकरणापाशी जाऊन पाहतो, जुन्या सहकाऱ्याला विचारतो. एजंटच्या हाती बहुतांशी हे वर्णनच असते.

खरी अडचण येथे आहे. ‘लॉगिंगची सेटिंग दाखवते’ एवढेच वर्णन असलेल्या साधनाने ‘सुरू’ असे उत्तर दिले, तर नोंदी उपकरणाच्या स्वतःच्या स्मृतीत साठतात की मध्यवर्ती सर्व्हरकडे जातात, हे त्यातून कळत नाही. उपकरणातील मर्यादित जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि १८० दिवसांची अट मोडते. ‘रिकामे’ उत्तर त्याहून घातक ठरू शकते. नोंद ठेवलीच जात नाही, एजंटला पाहण्याची परवानगी नाही, की उपकरणाशी संपर्कच झाला नाही, या तिन्ही शक्यता त्यात दडलेल्या असतात. वर्णनात त्या वेगळ्या केल्या नसतील, तर एजंट सोयीचा अर्थ लावून अहवाल पूर्ण करण्याचा धोका असतो. वेळेचेही तसेच. अनेक उपकरणे जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. वेळ कोणती, हे वर्णनात लिहिले नसेल तर घटनांचा क्रम उलटा लागू शकतो. सहा तासांच्या मुदतीपुढे हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

नोंदीच्या एका सेटिंगने काय घडते, हे अमेरिकेत २०२३ मध्ये दिसून आले. मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सेवेत झालेली घुसखोरी प्रथम त्या देशाच्या परराष्ट्र खात्याने पकडली. टपालपेट्या कोणी उघडल्या याची सविस्तर नोंद देणारी, जादा शुल्काची सेवा त्या खात्याने घेतलेली होती. तशी सेवा नसलेल्या ग्राहकांना ते दिसणे दुरापास्त होते. टीका झाल्यावर कंपनीने अनेक नोंदी मूळ सेवेतच देऊ केल्या आणि त्या जपण्याची मुदत ९० वरून १८० दिवस केली.

वर्णन नीट लिहिले म्हणजे जोखीम संपली, असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेच्या संशोधकांनी साधनाच्या वर्णनातच छुप्या सूचना पेरून एजंटला फसवता येते, हे दाखवून दिले. शिवाय नोंदींच्या सेटिंग हीच संवेदनशील माहिती आहे. कोठे नोंद होत नाही, हे चोरालाही हवेच असते. म्हणून अशा साधनाला केवळ वाचनाचा अधिकार देणे, बदल करणारी साधने वेगळी ठेवणे, एजंटने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचीही नोंद ठेवणे आणि वर्णनातील प्रत्येक बदल फायरवॉलच्या नियमांतील बदलाप्रमाणे तपासून मंजूर करणे आवश्यक ठरते. बहुतेक ठिकाणी वर्णन लिहिण्याचे काम सर्वांत शेवटी, घाईत उरकले जाते, ही त्यातील विसंगती.

देवनहळ्ळीच्या विमानतळावर १ डिसेंबर २०२२ पासून डिजियात्रा सेवेद्वारे चेहऱ्याच्या ओळखीवर प्रवेश मिळतो. अशा ठिकाणी नोंदींचा प्रश्न यंत्रांपुरता उरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण नियमांनुसार संबंधित नोंदी एक वर्ष ठेवाव्या लागणार असून त्या तरतुदीसाठी संस्थांना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. ज्या साधनांच्या वर्णनात ‘१८० दिवस असल्यास पुरेसे’ असे लिहून ठेवले आहे, ती साधने मुदत संपल्यानंतरही एजंटला तेच सांगत राहतील.