व्यसनमुक्तीचे बिल बायकोच्या कानातल्यांतून का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत फिरताना आम्हाला एक प्रश्न सारखा ऐकू येतो, "दादा, ह्यांना केंद्रात टाकायचंय, पैसे कुठून आणू?" विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. मग कानातले गहाण पडतात, बचत गटाचे कर्ज घरदुरुस्तीच्या नावाखाली निघते, भिशी आधी उचलली जाते. नवरा एमआयडीसीत कंत्राटी असेल तर तितके दिवस हजेरी बुडते, ते वेगळेच. दारू त्याची, हप्ते तिचे. आणि घरी येऊन तो पुन्हा प्यायला, तर दुसऱ्यांदा कोणी उसनेही देत नाही.

यावर आपले काही कार्यकर्ते बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञांवर बोट ठेवतात. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा त्यांत आहेच, आम्हीही ती मानतो. पण सकाळी ज्याचे हात थरथरतात, दारू एकदम तोडली तर ज्याला झटके येऊ शकतात, त्याला पंचशील ऐकवून भागत नाही. त्याला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टर मिळणे हा हक्काचा प्रश्न आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 काढून वाचा. मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था धरल्या आहेत. कलम 18 नुसार दारिद्र्यरेषेखालील माणसाला हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत, त्याच्याकडे बीपीएल कार्ड असो वा नसो. जिल्ह्यात ठरवून दिलेल्या किमान सेवा सरकारकडे नसतील, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्चही सरकारनेच उचलायचा आहे. कलम 21 विमा कंपन्यांना सांगते की शरीराच्या आजाराला जसे संरक्षण देता, तसेच मानसिक आजारालाही द्या. किती घरांना हे माहीत आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या 37 जणांच्या बाटलीवरचे उत्पादन शुल्क मात्र सरकारला न चुकता पोहोचते. संविधानाच्या कलम 47 मध्ये दारूबंदीचे धोरण लिहिलेले आहे, ते असो!

पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली मुक्तांगण उभे केले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. दोन्हींबद्दल आम्हाला आदर आहे. तरी कोणाच्या चांगुलपणावर हक्क सोडून देता येत नाही.

14 एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा आकडा आम्ही इथे लिहीत नाही, तो प्रत्येक मंडळाला ठाऊक आहे. त्यातला थोडा भाग रुग्णाच्या बुडालेल्या मजुरीसाठी ठेवा. उपचाराचा खर्च मात्र सरकारकडेच मागायचा. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात कलम 18 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी त्याची या कायद्याखालची नोंदणी बघा. 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर दोन मुले वही-पेन घेऊन बसली, तरी अर्ध्या तासात चार-पाच अर्ज लिहून होतात.