काव्य म्हणजे पुरावा नव्हे

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीच्या वर्णनात काही विद्वानांना आधुनिक शरीरशास्त्र दिसते. १२९० सालचे ते काव्य थोर आहे. परंतु काव्य म्हणजे पुरावा नव्हे. सुषुम्ना ही योग्याच्या अनुभवाची वाट आहे, शवविच्छेदनाने सिद्ध झालेली नाडी नव्हे. शव तपासून शरीर जाणावे, असे सुश्रुतसंहितेने सांगितले होते. परंतु धर्मशास्त्राने शवस्पर्शाला विटाळ ठरविले. मृत जनावरे ओढण्याचे व फाडण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांना अस्पृश्य ठरवून अक्षरापासून दूर ठेवले. शरीर पाहणाऱ्यांना लेखणी नाही आणि लेखणीवाल्यांना शव वर्ज्य! १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. विद्वानांनी प्रथम या कोंडीचा जाब द्यावा. पूर्वजांच्या शरीरज्ञानाचा अभिमान मग मिरवावा.