बारा वर्षे कसली की जमीन आपली होते का?

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव कोल्हापूर विमानतळाला लागून आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी गावची ६४ एकर जमीन घेण्याचा विषय गेली काही वर्षे तेथे गाजतो आहे. अशा संपादनाची चाहूल लागली की कोणत्याही गावात एक जुना प्रश्न वर येतो. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची असेल, तर मोबदला कोणाला मिळणार? पारावरचे उत्तर ठरलेले असते: बारा वर्षे कसली की जमीन कसणाऱ्याची. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि त्याच्या भरवशावर अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

बारा वर्षांचा आकडा येतो तो १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमधून, म्हणजे मुदतीच्या कायद्यातून. त्याच्या अनुच्छेद ६५ नुसार, जमिनीवर दुसऱ्याचा 'प्रतिकूल' कब्जा सुरू झाल्यापासून बारा वर्षांच्या आत मालकाने ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावायला हवा. हातउसन्या पैशांची मुदत टळली तर दावा बुडतो, पण कर्ज मुळातून नाहीसे होत नाही. जमिनीचे तसे नाही. याच कायद्याचे कलम २७ सांगते की मुदत संपताच मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. ॲडव्हर्स पझेशन किंवा प्रतिकूल कब्जा ज्याला म्हणतात, तो या दोन तरतुदींच्या जोडीतून निर्माण होतो.

सगळी मेख 'प्रतिकूल' या अटीत आहे. बारा वर्षे मोजायची ती शेतात पाऊल टाकल्या दिवसापासून नव्हे. मालकाचा हक्क नाकारून, त्याला कळेल अशा रीतीने आपण ती जमीन स्वतःची म्हणून धरली, त्या दिवसापासून ती मोजली जातात. खंडाने घेतलेली, वाट्याने केलेली, मुंबईला गेलेल्या चुलत्याने 'बघत जा' म्हणून सोपवलेली जमीन परवानगीची असते. परवानगीचा कब्जा चाळीस वर्षे चालला तरी तो आपोआप प्रतिकूल होत नाही. खरेदीचा करार करून ताबा घेतला आणि खरेदीखत मात्र झाले नाही, अशा कब्जाकडेही न्यायालये परवानगीचा कब्जा म्हणूनच पाहतात.

मग न्यायालयात नेमके काय सिद्ध करावे लागते? कर्नाटक वक्फ मंडळाच्या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. कब्जा कोणत्या तारखेला सुरू झाला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, मूळ मालकाला तो ठाऊक होता का, किती काळ चालला आणि तो उघड व अखंड होता का, हे सारे दावा सांगणाऱ्यालाच शाबीत करायचे असते. बहुतेक दावे तारखेपाशीच अडखळतात. 'वडिलांच्या काळापासून' हे कोर्टाला पुरत नाही.

आपल्या भागात पुरावा म्हणून पीकपाहणीचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, मोटारीचे वीजबिल आणि साखर कारखान्याकडची ऊसनोंद पुढे केली जाते. ही कागदपत्रे उपयोगी आहेत, पण त्यातून फक्त कसणूक दिसते. वाटेकरीही ऊस लावतो आणि बिल भरतो. मालकाचा हक्क उघडपणे नाकारला होता, हे दाखवणारे काही त्याबरोबर नसेल तर पावत्यांचा गठ्ठा अपुरा पडतो. सातबाऱ्यावरची नोंदही मालकी देत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, एवढेच.

दुसरी अडचण दावा मांडण्याच्या पद्धतीत असते. जमीन वडिलार्जित म्हणून माझी आहे आणि तसे नसेल तर बारा वर्षांच्या कब्जाने माझी आहे, असे एका दमात सांगितले जाते. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने याला नकार दिला. दत्तकपुत्र असल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीने मयत मालकाच्या मुलीविरुद्ध प्रतिकूल कब्जाही पुढे केला होता. समोरच्याची मालकी मान्य केल्याशिवाय त्याच्याविरुद्धचा कब्जा प्रतिकूल ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलीच्या बाजूने निकाल दिला. बांधाच्या भांडणातही हेच आडवे येते. मोजणी होईपर्यंत जो ती पट्टी आपल्याच गटातली समजत होता, त्याने शेजाऱ्याचा हक्क नाकारला तरी कधी?

सर्वाधिक गैरसमज मात्र भावकीत आहेत. एक भाऊ गिरणीत गेला, दुसऱ्याने शेती राखली. बहिणी लग्न होऊन गेल्या आणि पुढे कोणी विचारले नाही. कायद्याच्या दृष्टीने एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सर्वांच्या वतीने असतो. इतरांना हक्कातून उघडपणे बेदखल केले, ते त्यांना कळले आणि त्यानंतर बारा वर्षे गेली, हे सिद्ध झाले तरच चित्र बदलते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. बहिणीने माहेर तुटू नये म्हणून वाटणी मागितली नाही, तर तिच्या त्या गप्प राहण्याला हक्क सोडणे म्हणता येत नाही. हक्कसोडपत्राच्या जागी बारा वर्षांचा हिशेब दाखवणाऱ्या भावांनी हे नीट समजून घ्यायला हवे.

२०१९ पर्यंत आणखी एक मर्यादा मानली जात असे. कब्जेदाराला ही भूमिका फक्त बचावात घेता येते, स्वतः दावा लावता येत नाही, असे त्याआधीचे काही निकाल सांगत. रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही मर्यादा काढली. ही भूमिका ढालीसारखी तशीच तलवारीसारखीही वापरता येते, असे ठरले. मात्र सार्वजनिक उपयोगाच्या जमिनींवर असा हक्क निर्माण होऊ नये यासाठी कायद्यात स्पष्ट तरतूद करावी, असेही त्याच निकालात सुचवले आहे. सरकारी जमिनीसाठी आज मुदत तीस वर्षांची आहे. गायरानांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर न्यायालये अधिकच कठोर झाली आहेत.

हा कायदा हवाच कशाला, असा प्रश्न खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये विचारला होता. प्रामाणिक मालकाला तो फार जाचक आहे आणि अप्रामाणिक माणसाला त्याचा आयता लाभ मिळतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. विधी आयोगाने २०२३ च्या २८० व्या अहवालात मात्र बदलाची गरज नाही असे मत दिले.

आमचे मत आयोगाच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर. जमीन पडीक टाकून पिढ्यान्‌पिढ्या न फिरकणाऱ्याचे दावे कधीतरी मिटायलाच हवेत. तोंडी व्यवहारावर घेतलेल्या जमिनीत घाम गाळलेल्या गरीब कुटुंबाला कित्येकदा हाच एक आधार उरतो. सरकारला मात्र हे हत्यार नागरिकाविरुद्ध कधीही मिळता कामा नये. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी संपादनाविनाच घेतलेल्या जमिनीवर राज्य सरकारने ४२ वर्षांचा प्रतिकूल कब्जा सांगितला. जिची जमीन गेली ती वृद्ध, निरक्षर विधवा होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका फेटाळून तिला भरपाई द्यायला लावली.

मालकांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. नुसती नोटीस पाठवून बारा वर्षांची मोजणी थांबत नाही. तहसीलदाराचा ताबा देण्याचा आदेशही अंमलात आला नाही तर ती चालूच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. एक तर ताबा प्रत्यक्ष परत घ्यावा लागतो, नाही तर दिवाणी न्यायालयात मुदतीत दावा दाखल करावा लागतो.

अशा कब्जाची नोंद वेळीच व्हावी यासाठी महसूल खात्याच्या हाती एक साधन आधीपासून आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली व्यक्ती शेत कसताना आढळली, तर तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदारांना कळवायचे आणि त्यांनी चौकशी करायची, असा नियम आहे. ही चौकशी वेळेवर झाली तर मालकाला वेळीच कळते आणि कब्जेदारालाही त्याची तारीख मिळते. जेथे संपादन होऊ घातले आहे, तेथे मोबदल्याच्या याद्या तयार होण्यापूर्वी गटवार नमुना १४ ची तपासणी आणि बहिणींसह सर्व वारसांच्या नोंदी पुऱ्या केल्या पाहिजेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.