महानगरातील उमेदवारी

व्यापारी घराण्यांत एके काळी अशी पद्धत होती, की मुलगा हिशेब लिहिण्याजोगा झाला तरी त्याला लगेच आपल्या गादीवर बसवीत नसत. एखाद्या आप्ताच्या किंवा परगावच्या परिचिताच्या पेढीवर त्याला उमेदवारीसाठी धाडीत. तेथे तो सकाळी दुकान उघडी, चिठ्ठ्या पोहोचवी, रोजमेळ उतरवून घेई आणि प्रसंगी मुनीमजींची बोलणीही खाई. आपल्या दुकानात तो शेठजींचा मुलगा असे. परक्या दुकानात त्याला केवळ त्याच्या कामावरून ओळखीत. मोबदला नाममात्र असे. तरीही आईवडील मन घट्ट करून मुलाला धाडीत, कारण घरच्या गादीवर काही गोष्टी शिकता येत नाहीत हे त्यांना ठाऊक होते.

त्या पेढ्या आता फारशा राहिल्या नाहीत, पण उमेदवारी टिकून आहे. तिला कोणी इंटर्नशिप म्हणते, कोणी आर्टिकलशिप. आणि ती बहुधा मुंबई, पुणे, बंगळूर अशा महानगरांत होते. व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली सनदी लेखापालाच्या, म्हणजे सीएच्या, अभ्यासक्रमाकडे वळतात. १९४९ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापाल संस्थेने आर्टिकलशिप अनिवार्य ठेवली आहे. पूर्वी तिचा कालावधी ३ वर्षांचा होता. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत तो २ वर्षांचा झाला. किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते, पण मुंबईसारख्या शहरात तेवढ्यावर राहण्याखाण्याचा खर्च भागत नाही. घरून पैसे पाठवावेच लागतात.

मुलगी किंवा मुलगा निघण्याच्या सुमारास घरात दोनच प्रश्नांची चर्चा चालते : राहायचे कोठे आणि जेवणाचे काय? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु तिसराही एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नासाठी लातूरच्या एका डाळमिल मालकाच्या मुलीची हकिगत सांगण्यासारखी आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून तिच्यातील काही तपशील बदलले आहेत.

बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या निवासाची चिंता समाजाने फार पूर्वीपासून वाहिली आहे. माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी आपली संपत्ती वेचली. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. परंतु वसतिगृहांतील जागा मोजक्या असतात. लातूरच्या या मुलीला घाटकोपर पूर्वेला एका घरात कॉट मिळाली. एका खोलीत चौघीजणी, प्रत्येकीला एक कपाट आणि स्वयंपाकघरात एक फळी. वडिलांनी अनामत रक्कम रोखीने देऊन टाकली होती. मुलीने पावती मागितली, तेव्हा घरमालकीणबाईंना थोडे आश्चर्य वाटले, पण त्यांनी ती दिली. येथे पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असला म्हणून नोंदणी टळत नाही.

जेवणाचा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. घाटकोपरला कांदा-लसूण आणि कंदमूळ नसलेला डबा घरपोच मिळतो. अडचण होती ती वेळेची. हिवाळ्यात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. फोर्टमधील कार्यालय सुटेपर्यंत अंधार पडलेला असे. तिने पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांगून ठेवले, की ती दुपारच्या सुट्टीतील पंधरा मिनिटे वाचवून सायंकाळी साडेपाचला डबा खाईल. कोणी हसले नाही, कोणी कौतुकही केले नाही. काम वेळेवर होत होते, त्यामुळे कोणाला बोलण्याचे कारण नव्हते.

खरी अडचण निराळी होती. लातूरला गंजगोलाईतून ती चालली, तर चार दुकानदार तिला नावाने ओळखीत. उधारीवर वही घ्यायची असो की औषध, ‘अमक्यांची मुलगी’ एवढे पुरे होई. मुंबईत तिला कोणीही कोणाची मुलगी म्हणून ओळखीत नव्हते. पहिले दोन महिने हे तिला फार जड गेले. रविवारी दुपारी खोलीतील इतर मुली बाहेर गेल्या, की ती आईला फोन करी आणि बोलण्यासारखे काही उरले नाही तरी फोन ठेवीत नसे.

मग हळूहळू तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. हे शहर एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या शब्दावर चालते. लोकलच्या महिला डब्यात उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, “कुठे उतरणार?” ती म्हणते, “दादर.” तेवढ्याने ती जागा विचारणारीची होते. दादर आल्यावर मध्ये दुसरी कोणी घुसू लागली, तर उठणारी बाई स्वतः सांगते, “यांनी सांगून ठेवलंय.” ना कागद, ना साक्षीदार, ना ओळख. व्यापाऱ्याच्या मुलीला यातील वायदा लगेच कळला. बाजारातील सौदाही असाच तोंडी होतो. फरक इतकाच, की बाजारात शब्द मोडणाऱ्याचे नाव सर्वांना कळते. येथे शब्द मोडणारीला कोणी ओळखणारही नाही, आणि तरी बहुतेकजणी तो पाळतात. गावात पत वडिलांकडून मिळालेली असते. येथे ती रोज नव्याने, अनोळखी माणसांसमोर मिळवावी लागते, हे तिला लोकलच्या डब्यात समजले.

त्याच वर्षी या समजुतीची परीक्षा झाली. कर लेखापरीक्षणाची मुदत साधारणपणे ३० सप्टेंबरला संपते. ऑगस्टपासून कार्यालयांत धावपळ असते. तिच्या गटाला वाशीच्या दाणाबाजारातील एका घाऊक पेढीचे काम मिळाले. रोज सकाळी ती कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडी. खरेदीची बिले, बँकेचे उतारे, मालसाठ्याची नोंद असे पाहता पाहता दुसऱ्या दिवशी दुपारी देण्यांची यादी तिच्यासमोर आली. धनकोंच्या त्या यादीत तिच्या वडिलांच्या मिलचे नाव होते.

तिने त्याच सायंकाळी आपल्या प्रिन्सिपलना फोन करून हे सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तिला त्या कामावरून काढून दुसऱ्या गटात घातले आणि तशी नोंद ठेवली. हे सर्व योग्य रीतीने झाले. परंतु दोन दिवसांत तिने जे पाहिले होते, ते पाहिलेच होते. तिने काय पाहिले, ते चांगले होते की वाईट, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. तिने ते कोणालाही सांगितलेले नाही.

दिवाळीच्या आधी हरभराडाळीची मागणी वाढते. एका रात्री वडिलांचा फोन आला. वाशीच्या त्याच पेढीने दोन गाड्या माल उधारीवर मागितला होता, आणि मुलीचे कार्यालय दाणाबाजारातील कामे करते हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, “बेटा, आकडे सांगू नकोस. माल द्यावा की नको, एवढंच सांग. नुसतं हो किंवा नाही म्हण.”

ती म्हणाली, “पप्पा, निघताना आपलं ठरलं होतं. कोणत्याही पेढीविषयी, चांगलं किंवा वाईट, मी काही बोलणार नाही. तुम्ही विचारलं ते बरोबर आहे, पण मी उत्तर देणार नाही.”

वडिलांनी फोन ठेवला. पुढचे दोन आठवडे घरून फोन येत, ते आईचे. आईने एकदा सुचवूनही पाहिले, “घरच्यांनाच सांगायचं नाही, तर शिकून उपयोग काय?” या प्रश्नाला झटकन उत्तर देणे सोपे नाही. त्या मिलच्या उत्पन्नातूनच घाटकोपरच्या कॉटचे भाडे जात होते. दोन गाड्यांची रक्कम अडकली असती, तर त्याची झळ याच घराला बसणार होती. बापाच्या पैशाचे रक्षण करणे हा मुलीचा धर्म नव्हे काय, असे कोणी विचारले तर त्यास तुच्छ लेखता येणार नाही.

कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टानुसार कामाच्या ओघात कळलेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. बँकांचाही दंडक हाच आहे, आणि त्याचा आधार म्हणून इंग्लंडमधील १९२४ चा टूर्नियर खटला आजही शिकवला जातो. एका शाखाधिकाऱ्याने खातेदाराच्या मालकाला फोनवर बोलता बोलता सांगितले, की तुमच्या माणसाचे पैसे पैजा लावणाऱ्यांकडे जातात. त्या माणसाची नोकरी पुढे चालू राहिली नाही. गुप्तता पाळणे हा बँक आणि खातेदार यांच्यातील कराराचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. शाखाधिकाऱ्याने लेखी काहीच दिले नव्हते. बोलण्यातले एक वाक्य पुरेसे झाले.

लातूरच्या मुलीच्या वागण्यात कायद्यापेक्षाही बारीक एक गोष्ट आहे आणि ती व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. गप्प राहणे पुरेसे नसते. मुरलेला व्यापारी मौनाचाही अर्थ लावतो. तिने एरवी दहा पेढ्यांविषयी चार शब्द सांगितले असते आणि या एका पेढीविषयी मौन धरले असते, तर त्या मौनातच उत्तर मिळाले असते. तिने गाव सोडण्यापूर्वीच सर्व पेढ्यांसाठी एकच नियम सांगून ठेवला होता, म्हणून तिच्या नकारातून वडिलांना काहीही कळू शकले नाही. पेढी भक्कम असती तरी तिने हेच उत्तर दिले असते, आणि डबघाईला आलेली असती तरी हेच.

वडिलांपुढे मग व्यापाऱ्याचे नेहमीचे मार्ग उरले, आणि ते काही थोडे नव्हते. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला, की कोणत्याही करदात्याने विवरणपत्रे भरली आहेत की नाहीत हे कोणालाही पाहता येते. पेढी कंपनी असेल, तर तिच्या मालमत्तेवरील बोजांची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उघड असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. बाजारात दलालांना विचारता येते. आधीची बाकी आल्यावर पुढची गाडी, असे सांगता येते. वडिलांनी यांतील बहुतेक गोष्टी केल्या आणि दोनऐवजी एकच गाडी पाठविली. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्या पेढीचे पुढे काय झाले हा या लेखाचा विषय नाही.

वडिलांचा राग जाण्याचे कारण मुंबईत घडले नाही, लातूरलाच घडले. त्यांच्या मिलच्या हिशेबांची तपासणी करण्यासाठी स्थानिक लेखापालांच्या कार्यालयातून विशीतला एक मुलगा आला होता. कॅश क्रेडिटची मर्यादा किती, त्यातील किती उचललेली आहे, कोणाचे देणे थकले आहे, घरातील कोणाच्या नावावर किती ठेव आहे, हे सर्व त्याच्यासमोर टेबलावर उघडे पडले होते. त्याचे काका त्याच बाजारात डाळीचा व्यापार करतात, हे वडिलांना ठाऊक होते. तो मुलगा सायंकाळी काकांकडे चहाला जात असणार. वडिलांनी त्याला काही विचारले नाही. त्या रात्री त्यांनी मुलीला फोन केला. जेवण वेळेवर होते का, दुसऱ्या गटातील काम कसे आहे, असे बोलणे झाले. वाशीचा उल्लेख निघाला नाही, आणि त्यानंतर कधीही निघाला नाही.

ज्या घरांतून यंदा मुले-मुली उमेदवारीसाठी बाहेर पडत आहेत, त्या घरांनी निवासाचा करार जरूर तपासावा, डब्याची सोय पाहावी, अनामतीची पावती घ्यावी. त्याचबरोबर निघण्याच्या आधी एकदा सर्वांसमक्ष ठरवून टाकावे, की कार्यालयातील कामाविषयी घरी विचारले जाणार नाही आणि सांगितले जाणार नाही. हे मुलांनी मागण्याची वाट पाहू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी आपण होऊन सांगावे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला परक्या शहरात राहून वडिलांना ‘नाही’ म्हणावे लागणे, ही त्या दोन वर्षांतील सर्वांत अवघड गोष्ट असते. तेवढा भार घरच्यांना आधीच हलका करता येतो.