आधी पोहायला शिका, मग बेटावर जा

दिवाळीला यवतमाळच्या घरी सगळे जमले की फराळाच्या ताटांवरच एखादी योजना जन्माला येते. बहुतेक योजना भाऊबीजेपर्यंत टिकतात आणि मग चिवड्याबरोबर संपतात. यंदाची मात्र संपली नाही. पुण्याच्या पुतण्यानं मोबाईल टीव्हीला जोडला आणि पडद्यावर निळंशार पाणी आलं. जानेवारीत अंदमान! आठ जण. आधी सेल्युलर जेल (मराठी माणूस तिथे जाऊन सावरकरांची कोठडी न बघता परत येईल काय?) आणि मग तीन दिवस स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक. तिथे काय, तर स्टँड-अप पॅडल. दहा-अकरा फूट लांब फळी, तिच्यावर उभं राहायचं, हातात लांब दांड्याचं वल्हं, आणि कोवळ्या उन्हात समुद्रावरून चालल्यासारखं जायचं.

दृश्य सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मलाही जावंसं वाटलं.

मग नियमाप्रमाणे व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला. आठवड्याभरात त्यावर दोनशेच्या वर निरोप आले. नागपूरहून विमान कोलकात्यावरून की चेन्नईवरून? बोट लागते त्यावर कोणती गोळी? तिथे वरण-भात मिळेल का? पॅडल करताना कुठल्या रंगाचे कपडे फोटोत उठून दिसतील? (यावर एकूण एकतीस निरोप. मी मोजले.) शेवटी न राहवून मी एकच ओळ लिहिली: "आपल्या आठ जणांपैकी पोहता कोणाला येतं?"

अर्धा तास ग्रुप चिडीचूप. मग पुतण्या: "काका, लाइफ जॅकेट असतं ना." मग वहिनी: "भाऊजी, शुभ बोला की जरा." आणि मग दादाचा फोन, खास आपल्या वऱ्हाडीत: "काहून बे, पोट्ट्याच्या उत्साहावर पाणी काहून टाकून राह्यला?"

ग्रुपवर भांडणं बरी दिसत नाहीत, म्हणून इथे भांडतो. तुम्ही सगळे हे वाचता, मला माहीत आहे.

आधी हिशेब. आठांपैकी पोहता येतं दोघांना, दादाला आणि मला. आम्हीही विहिरीत शिकलेलो, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. पुतण्या म्हणतो मलाही येतं, पण ते सोसायटीच्या चार फुटांच्या टाक्यात. पाय टेकतात तिथे सगळेच पोहतात. बाकी पाच जण आणि खोल पाणी यांची आजवर ओळखच नाही.

आता जॅकेटचं बघू. जॅकेट घालायचंच, पोहता येणाऱ्यानंही घालायचं, यात वाद नाही. पण भाड्याचं, मापाला सैल, बक्कल नीट न लावलेलं जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर वर सरकून कानांपाशी येतं. ज्याला तोंडात पाणी गेल्यावर काय करायचं हे ठाऊक नाही, तो जॅकेटातही घाबरतो, हातपाय झाडतो, दम घालवतो. जॅकेट शरीराला तरंगवतं, भीतीला नाही.

शिवाय "पोहता येत नसलं तरी चालेल" हे वाक्य जाहिरातीत वाचलं की आपल्याला हायसं वाटतं. स्कूबाच्या पहिल्या डुबकीत प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, तिथे ते एक वेळ पटेल. या फळीवर तुम्ही एकटे असता. आणि पडणं हा अपघात नसून रोजचा भाग आहे. पहिल्या दिवशी सगळेच पडतात. आधी गुडघ्यांवर बसून वल्हवायचं, मग फळीच्या मधोमध पाय ठेवून उठायचं, गुडघे सैल, नजर दूर. पायाकडे पाहिलं की पडलातच. पडायचं ते फळीपासून लांब, आणि पसरून, कारण खाली किती पाणी आहे हे वरून कळत नाही. घोट्याला फळीशी जोडलेली दोरी असते, ती ओढून फळी जवळ घ्यायची आणि पोटावर चढायचं. सांगायला दोन वाक्यं लागली. ज्याचं डोकं आयुष्यात पाण्याखाली गेलेलं नाही, त्यानं ही दोन वाक्यं अमलात आणून दाखवावीत.

आणि वारा? तो ग्रुपवर एकदाही आला नाही. जानेवारीत अंदमानात वारे ईशान्येकडून येतात. आपल्या यादीत सगळ्यात वर असलेला राधानगरचा किनारा बेटाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे. काठाजवळ पाणी आरशासारखं शांत दिसतं ते बेट आणि झाडी वारा अडवतात म्हणून. थोडं आत गेलं की उभा माणूस म्हणजे शीड! वारा अलगद बाहेर नेतो आणि परत येताना वल्हं मारून खांदे भरून येतात. अशा वेळी उभं राहण्याचा हट्ट सोडून फळीवर आडवं व्हायचं आणि हातांनी पाणी कापत यायचं, हे आधी माहीत हवं. भरती-ओहोटी कधी, ओहोटीला प्रवाळ कुठे उघडं पडतं, मगरीच्या सूचनेचे फलक कुठे आहेत, हेही विचारायचं असतं. २०१० साली त्याच राधानगरजवळ मगरीनं एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. घाबरवत नाहीये. कपड्यांच्या रंगावर एकतीस निरोप होतात, तर वाऱ्यावर एक व्हायला हवा, एवढंच म्हणतोय.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आपण यवतमाळची माणसं. आपल्याकडे प्यायला पाणी नाही, पोहायला कुठून येणार?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण ते अर्धंच खरं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि शहरात नळाची वाट बघत आपण दिवस मोजले, हे खरं. पण २०२३ च्या जुलैत याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, पुरात अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली, हेही खरं. आपल्याकडे पैनगंगा आहे, वर्धा आहे, बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूर अशी धरणं आहेत. २०१६ पासून सरकारी योजनेतून शेततळीही झाली. ज्यांत प्लास्टिक अंथरलं आहे, त्यांच्या निसरड्या उतारावरून आत गेलेल्याला वर यायला पकडायला काहीच नसतं. २०१७ साली नागपूरजवळ वेणा धरणात नाव उलटून ८ तरुण गेले. २०२१ च्या सप्टेंबरात वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यात, एका नावेबरोबर ११ जण गेले. तीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची शीव आहे. देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. पाणी आपल्याकडे नाही हा आपला गैरसमज आहे. ते रोज नसतं, म्हणून आपली त्याच्याशी ओळख होत नाही, आणि येतं तेव्हा अनोळखी असतं.

पोहता आलं म्हणजे सगळं झालं, असं मी म्हणत नाही. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले. समुद्र विहिरीत शिकलेल्यालाही विचारत नाही. मी मागतोय ते फार थोडं आहे: पाय टेकत नाहीत तिथे पाच मिनिटं उताणं तरंगता येणं आणि वीस-पंचवीस मीटर अंतर कसंही कापता येणं. म्हणजे फळीपर्यंत पोचेस्तोवरचा वेळ. हा खेळ जिथून जगभर गेला त्या हवाईच्या वायकीकीला, फळीवर उभं राहून हातात वल्हं धरणारे होते ते समुद्रावर वाढलेले पट्टीचे पोहणारे. शिकाऊ लोकांवर उंचावरून लक्ष ठेवायला ते उभे राहायचे. आपण मात्र उभं राहण्यापासूनच सुरुवात करणार!

आता जे खरं सांगायचंय ते. दादा, तुला आठवते आपली विहीर? उन्हाळ्यात दुपारभर आपण सूर मारायचो. ताई माझ्याहून एका वर्षानं मोठी. ती काठावर बसून काय करायची? आपले कपडे राखायची. तिच्या पाठीला डबा बांधावा हे आईच्या, बाबांच्या, तुझ्या, माझ्या, कोणाच्याच मनात आलं नाही. पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून? पाणी भरायचं काम तिचं होतं, पाण्यात उतरायचा हक्क आपला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. आणि आता तिलाच आपण अकरा फुटांच्या फळीवर उभं करून समुद्रात ढकलणार आणि म्हणणार, एन्जॉय कर!

ग्रुपवर माझ्या प्रश्नाला "शुभ बोला" म्हणणारे होते. ताईनं ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. रात्री फोन केला आणि हळूच विचारलं, "मले जमन का रे, या वयात?"

त्यानंतरच्या सोमवारपासून आम्ही दोघं गावातल्या जलतरण तलावावर जातो. ती बायकांच्या वेळेत आत, मी बाहेर बाकावर, तिची चप्पल आणि पिशवी सांभाळत. (होय, राखणीचं काम आता माझ्याकडे आलंय. बरोबरच आहे.) थंडीत पाणी असं की पहिले चार दिवस ती नुसती काठ धरून "आई गं" म्हणत होती. नवव्या दिवशी तोंड पाण्यात घातलं. काल, अठराव्या दिवशी, शिकवणाऱ्या बाईंनी हात काढून घेतला आणि ती तरंगली. किती वेळ ते तिला कळलं नाही. बाहेर आली तर केस पुसायचंही भान नव्हतं. म्हणाली, "आभाळ दिसते रे वर."

तर माझा प्रस्ताव साधा आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत. सहल जानेवारीऐवजी मार्चमध्ये ठेवा. तोवर ते वारेही बरेच उतरतात. मधल्या दिवसांत प्रत्येकानं आपापल्या गावात पाण्यात उतरावं. पुण्यात तलावांना तोटा नाही, तेव्हा पुतण्यानं सबब सांगू नये. वहिनी, तुमची सोय ताईच्याच वेळेत होते, मी बाईंना विचारून ठेवलंय. मार्चमध्ये जो पाच मिनिटं तरंगून दाखवेल त्यानं फळीवर चढावं. ज्याला नाही जमलं त्यानं काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखावे.

ते काम काही हलकं नाही. फक्त एकाच माणसाकडे पंचेचाळीस वर्षं देऊ नये.